उद्यापनानंतरचा उपास

अक्का, तुझी नात तेरा वर्षांची झाली. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. आता माझ्या खांद्याला लागते, सायकलवरून शाळेला जाते आणि कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते. तिच्यासाठी डॉक्टरबाईंनी एक इंजेक्शन सांगितलं आहे. सहा महिन्यांत तीन वेळा घ्यायचं. घरात कुणाला ते पटत नाही. पटवायचं तर मला एक गोष्ट तोंडानं सांगावी लागेल, तू कशानं गेलीस ती. बारा वर्षांत मी ती सासरी कुणाला सांगितलेली नाही. तू गेलीस त्याच दिवशी अण्णांनी आणि आत्यानं मिळून ठरवलं होतं, 'पोटात गाठ होती' एवढंच बोलायचं, आणि मीही मान हलवली होती. म्हणून आधी तुलाच लिहायला बसले. मावश्यांचं ऐकून आम्ही भावंडं तुला आई न म्हणता अक्काच म्हणत आलो, म्हणून इथंही अक्काच लिहिते. निदान तुला लिहिताना तरी तो शब्द लिहिता येतो का बघू. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. लिहिला. हात काही गळून पडला नाही.

झालं असं, की पोरीचं पोट पाळीत फार दुखतं, म्हणून तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. माझं ऑफिस कोप्पीकर रोडवर आहे, त्याच रस्त्यावर कापडाच्या दुकानावरती जिना चढून गेलं की ह्या बाईंचा दवाखाना. बाई हुबळीच्याच, कन्नड. आपलं मराठी त्यांना नीट समजतं, बोलताना अर्धं अर्धं येतं. पोटदुखीचं बघून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "हिला ती नवीन लस देऊन टाकू या का? हीच वेळ आहे." कशाची म्हणून मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी काय केलं माहीत आहे? पोरीला म्हटलं, "तू जा, बाहेर बाकावर बस." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तिला का बाहेर? इंजेक्शन तिला द्यायचंय की!" पोरगी गेली उठून.

मग बाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं चित्र काढलं, उलट्या लोट्यासारखं. लोट्याच्या तोंडाशी पेनानं एक ठिपका दिला. म्हणाल्या, "इथं. एक विषाणू असतो, एचपीव्ही म्हणतात. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. सर्दीसारखा सगळीकडं असतो. बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, आणि कळतही नाही, कारण शरीरच त्याला वर्षा-दोन वर्षांत घालवून टाकतं. काही थोड्या बायकांच्यात तो जात नाही. चिकटून बसतो. त्याचेही बरेच प्रकार आहेत, त्यातले काही वाईट. ते बसले की तिथली कातडी हळूहळू बदलते. दहा वर्षं, पंधरा वर्षं, वीस वर्षं. मग एक दिवस कॅन्सर." मी विचारलं, एवढी वर्षं बाईला काही कळत नाही? "नाही कळत. पण आम्हाला कळू शकतं. चमच्यासारख्या काडीनं तिथलं थोडं पुसून काचेवर घ्यायचं आणि तपासायला पाठवायचं. पाच मिनिटांचं काम. बदल दिसला तर तेवढीच जागा जाळून किंवा काढून टाकता येते. कॅन्सर व्हायच्या आधीच."

पाच मिनिटांचं काम, अक्का. मी त्या चिठ्ठीवरच्या ठिपक्याकडे बघत राहिले. मला वाटायचं हे दुखणं वरून वीज पडावी तसं तुझ्यावर पडलं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. बारा वर्षं मी तशीच स्वतःची समजूत घातली होती. आणि ह्या बाई सांगतात की भरपूर वेळ होता. तू मला सायकल शिकवायला मागनं पळत होतीस तेव्हा ते असेल. माझ्या लग्नात सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटच्या पंगतीला बसलीस तेव्हाही असेल. इतकी वर्षं ते तिथं होतं आणि एकदाही कुणी काडी लावून बघितलं नाही, कारण बघायचं असतं हेच आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून बाईंचाच आला.

मी म्हटलं, "माझी आई ह्यानंच गेली. पण ती तसली नव्हती हो." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तसली म्हणजे कसली?" मग त्याच म्हणाल्या, "एकच नवरा असलेल्या बाईला पण होतो. त्याच्याकडून येतो, त्याला कधी आणि कुणाकडून आला ते त्यालाही माहीत नसतं. त्याला काही होत नाही, दिसत नाही. लग्नाच्या आधीचाही असू शकतो. शोधत बसू नका, सापडत नाही." आणि मग आपल्या कन्नडात, "हेदरबेड्री", म्हणजे घाबरू नका. मी घाबरले नव्हते. घरी गेले आणि नेमकं तेच केलं, शोधत बसले. अण्णांचा तरुणपणीचा फोटो काढून बघितला. लग्नाआधी ते कलघटगीला कचेरीत होते, खोली करून राहायचे, खाणावळीत जेवायचे. तीन वर्षं. तेवढ्यावर मी काय काय रचलं ते तुला सांगवत नाही. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, ते काही उत्तर देणार नाहीत. शेवटच्या महिन्यांत ते तुला एक एक घास कसे भरवायचे ते आठवलं आणि माझी मलाच शरम वाटली. फोटो परत ठेवला. पण राग कुठं ठेवायचा ते समजलं नाही.

खरं सांगू? तो तुझ्यावर आहे. उद्यापनावर आहे, आणि तुझ्यावर आहे.

धारवाडचं आपलं स्वैपाकघर मला ऋषिपंचमीच्या दिवशीचंच आठवतं. गणपती बसून एक दिवस झालेला, खिरापतीचा वास अजून भिंतींना, आणि तू पहाटे आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, न्हाऊन, ओल्या केसांनी पाटावर बसलेली. पुढं सात सुपाऱ्या, सात ऋषी. आठवी अरुंधती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. कलघटगीकडची एक भाजीवाली खास हातानं खणून लावलेलं अळू, भोपळा, दोडके आणून द्यायची आणि तू त्याची बिनतेलाची भाजी करायचीस. लहानपणी मला ती आवडायची. मोठी झाल्यावर एकदा विचारलं, हा उपास कशासाठी? तू सहज सांगितलंस, पाळीत नकळत कुठं शिवाशिव झाली असेल तर त्याचं पाप जावं म्हणून. मी म्हटलं, "तू तर तीन दिवस कोपऱ्यात बसतीस, शिवतीस कुठं?" तर म्हणालीस, "नकळत म्हटलं की ग. कळून कोण पाप करतं?" तीस वर्षं केलास तो उपास. चुकून लागलेल्या बोटासाठी.

आणि बाईची पाळी गेली की त्याचं उद्यापन करायचं. सात ब्राह्मण, एक सवाष्ण, वाण, दक्षिणा. तुझी पाळी पौषात थांबली आणि भाद्रपदात आत्यानं उद्यापनाचं मनावर घेतलं. '९४ साल. तू म्हणालीस, "वर्ष तरी होऊ दे की अजून." आत्या म्हणाली, "वर्ष कशाला? गेली ती गेली. पुढल्या भाद्रपदाला मी असेन का नसेन, माझ्या हातून करून घे." आत्या अजून आहे बरं का, नव्वदीला टेकली. तर उद्यापन झालं. पन्नास-साठ पानं उठली. तू नवं इरकली लुगडं नेसून सगळ्यांच्या पाया पडत होतीस आणि आत्या प्रत्येक बाईला सांगत होती, "सुटली बघा आमची वहिनी. आता बारा महिने सोवळ्यातच." तू हसत होतीस. खरंच सुटल्यासारखी दिसत होतीस.

पुढच्या वर्षी गणपतीला मी आले होते. सात वर्षांनी दिवस राहिले होते मला, पाचवा महिना चालू होता, आणि घरात सगळे मला तळहातावर झेलत होते. पंचमीला सकाळी बघते तर तू परत आघाड्याच्या काड्या घेऊन मोरीत. अण्णांनी दारातनं विचारलं, "अगं, उद्यापन झालं की तुझं! आता कसला उपास?" तू मान वर न करता म्हणालीस, "सवय लागलीय. राहवत नाही." अण्णा हसले. "बैलाला सोडलं तरी घाण्याभोवतीच फिरतोय बघ," असं मला म्हणाले. मी पण हसले. तू पण हसलीस, तोंडात काडी धरून. दिवसभर पाणीही प्यायली नाहीस. अक्का, त्याआधीच सात महिने तुला परत रक्त दिसत होतं. एवढी उघड खूण तू आमच्यापुढं ठेवली होतीस, आणि आम्ही चेष्टा केली.

तुला वाटलं पाळी परत आली. म्हणजे उद्यापन खोटं पडलं. म्हणजे साठ माणसं जेवली, ब्राह्मणांनी आशीर्वाद दिले, आत्यानं गावभर सांगितलं, ते सगळं अपुऱ्यावर झालं. मग तू कुणाला कसं सांगणार? सांगितलंस तर परत तीन दिवस कोपऱ्यात, आणि तेसुद्धा कधी तीन, कधी दहा, कधी मधेच एक. त्यात गणपती, नवरात्र, मग माझं डोहाळजेवण. तू गप्प राहिलीस आणि सोवळ्यात स्वैपाक करत राहिलीस, आणि त्या पापासाठी उपास करत राहिलीस. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्त दिसलं तर ती पाळी नसतेच. एवढं एक वाक्य प्रत्येक बाईला कुणी सांगायला पाहिजे होतं." कोण सांगणार होतं? आत्या? अंगात ताकद नाही म्हणून तू आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीस, त्यांना 'अशक्तपणा' एवढंच म्हणालीस, आणि त्यांनी लोहाची लाल बाटली दिली. त्यांची काय चूक? समोर अण्णा बसलेले, तू पदर डोक्यावर घेऊन जमिनीकडं बघत असणार.

मग माझं बाळंतपण. पौषाची थंडी, माजघराच्या बाजूची ती अंधारी खोली, शेगडीवर ओव्याची धुरी. तू मला न्हाऊ घालायचीस, पोरीला पायावर घेऊन तेल लावायचीस, डिंकाचे लाडू वळायचीस, आणि माझे कपडे स्वतः धुवायचीस. कामवाली दारात येऊन म्हणायची, "द्या की अक्का, माझंच काम आहे ते," तर तू तिला हातही लावू द्यायची नाहीस. "बाळंतिणीचे कपडे आईनंच धुवायचे," म्हणायचीस. असा काही नियम आहे हे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. तुझी जुनी सुती लुगडी भराभरा फाटत होती आणि मला वाटायचं सगळी दुपटी आणि लंगोटच होत आहेत. मला किती बरं वाटायचं माहीत आहे? आपली आई आपल्यासाठी एवढं करते म्हणून.

श्रावणात तू हातपंपाशी घेरी येऊन पडलीस आणि तुला हुबळीला मोठ्या इस्पितळात आणलं. तपासून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस जातंय? तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "दीड वर्ष." मी हिशेब केला आणि म्हटलं, म्हणजे पौषात? माझ्या बाळंतपणात? तू म्हणालीस, "होतं की. तुझ्या कपड्यांत माझे खपून गेले बघ." आणि थोडं हसलीस, एखादी युक्ती साधल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर. सहा-आठ महिने आधी तू माझ्या पाठीला तेल चोळत होतीस.

मग 'करंट' सुरू झाला, म्हणजे किरणांचे उपचार. सगळे त्याला करंटच म्हणायचे, इस्पितळातले रुग्णसुद्धा. यंत्राखाली रोज नेऊन झोपवायचे. तू एका दुपारी माझा हात धरून म्हणालीस, "उद्यापन घाईनं केलं ग मी. परत करता येतं का, विचार की कुणाला तरी." आणि मी तुझ्यावर ओरडले. सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. "राहू दे की आता ते! उद्यापन उद्यापन काय लावलंयस? दीड वर्ष तोंड शिवलं होतं का तुझं?" शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. तू हात सोडवून घेतलास आणि कूस बदललीस. नंतर तू त्या विषयावर एक शब्द काढला नाहीस. पुढं चैत्रापर्यंत होतीस. मी रोज डबा आणायचे, रोज वाटायचं आज म्हणावं, चुकले मी, आणि रोज वरणभात जातो का तेवढंच विचारून यायचे.

तुझे दिवस झाल्यावर भाजीवाली आली होती. अंगणात बसून रडली आणि मला कन्नडात म्हणाली, मी अक्कांना सांगितलं होतं ग. माझी नणंद अशीच गेली. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या की मला ओळखायचं, दवाखान्यात दाखवा म्हटलं होतं. मी विचारलं, मग काय म्हणाली ती? "म्हणाल्या, मुलीचं बाळंतपण होऊ दे." भाजीवालीला माहीत होतं, अक्का. तिला तू नाही म्हणाली नाहीस. तुझ्या पोटची मुलगी तुझ्या शेजारच्या खोलीत अंथरुणावर होती, आणि तिला सोडून तू अंगणातल्या भाजीवालीला कबूल केलंस.

*

इथपर्यंत लिहून ठेवलं, त्याला नऊ दिवस झाले. मधे घरात बोलणं झालं.

रविवार होता. सासूबाई मेथी निवडत होत्या, हे वर्कशॉपचे कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेले. गोकुळ रोडवरचं वर्कशॉप आता मोठं झालंय, तुझे जावई रविवारीही मोकळे नसतात. मी इंजेक्शनचं परत काढलं. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या आधी असलं इंजेक्शन? उद्या स्थळाकडच्यांनी विचारलं तर?"

"कुठलं इंजेक्शन घेतलं हे कोण विचारतंय हो आई?"

"विचारतात ग. आमच्या वेळी दात मोजून घ्यायचे."

हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की. नवीन निघालंय म्हणतेस. नवीन मशीन आलं की आम्ही पण सहा महिने दुसऱ्याकडं कसं चालतंय बघतो, मग घेतो."

"ती मशीन नाही," मी म्हटलं. "आणि माझी आई ह्यानंच गेली."

सासूबाईंचा हात थांबला. "गाठ होती म्हणाली होतीस."

"गाठ तिथंच होती. पिशवीच्या तोंडाला."

ह्यांनी कागद खाली ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच आजारी आहे. "म्हणजे खानदानी आहे? मग तुला पण, आणि पोरीला—"

"खानदानी नाही. विषाणू असतो त्याचा."

"मग तुझ्या आईला कुठनं आला?"

झालं. ज्याला भीत होते तेच. मी डॉक्टरबाईंचं सगळं परत सांगितलं, सर्दीसारखा सगळीकडं असतो, बहुतेकांना होऊन जातो, आपल्या दोघांनाही होऊन गेला असेल, कळणार नाही. हे म्हणाले, "मला? मला कसा?" आणि कानापर्यंत लाल झाले. हसू यावं असं दृश्य होतं, पण मला ओरडावंसं वाटत होतं. एवढी साधी गोष्ट. ताप, कावीळ, गोवर ह्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, कुणाकडून आला म्हणून. ह्याच एका दुखण्यात आधी बाईचं चारित्र्य तपासायचं आणि मग नाडी.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. मग हळूच विचारलं, "एका नवऱ्याच्या बाईला पण होतो?"

"होतो."

"आमच्या अळणावरला एक होती शेजारी. तिला असंच जात होतं. आम्ही काय काय बोललो तिला. शेवटी शेवटी तिच्या घरचं पाणी पण घेत नव्हतो." त्यांनी मेथीची एक जुडी उचलली, परत खाली ठेवली. "दे बाई काय द्यायचं ते इंजेक्शन. पण बाहेर कुणाला सांगू नका."

म्हणजे परवानगी मिळाली, आणि तीही तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मला वाटलं होतं, तुझं नाव घेऊन एकदा बोलले की मोकळं वाटेल. मोकळं काही वाटलं नाही. भांडण जिंकून घरात हरल्यासारखी मी भाकऱ्या थापत बसले.

शुक्रवारी पोरीला घेऊन गेले. ह्या वेळी तिला बाहेर बसवलं नाही. तिनं विचारलं, "दुखतं का हो?" बाई म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं. पण मोठी मुंगी." पोरीनं तोंड वाकडं केलं, पण हू का चू केलं नाही. बाईंनी पुढच्या दोन तारखा कार्डावर लिहिल्या आणि बजावलं, ही लस घेतली म्हणून पुढं मोठेपणी तपासणी चुकवायची नाही हं, सगळेच प्रकार हिनं अडत नाहीत. मग माझ्याकडं वळून, "आणि तुमची? तुम्हाला लस नाही चालायची आता, पण ती काडीची तपासणी करून घेऊ या की. येता?" मी घड्याळात बघितलं. म्हटलं, आज ऑफिसला उशीर होतोय.

खाली उतरून दोघींनी गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट घेतलं, मिरची भजी घेतली. दंड दुखत होता म्हणून ती डाव्या हातानं खात होती आणि चुरमुरे सांडत होती. खाता खाता म्हणाली, "अज्जी ह्यानं गेली ना? मी ऐकलं रविवारी." मी हो म्हटलं. "तिनं कुणाला सांगितलंच नाही?" नाही म्हटलं. "का पण?" ह्याला मी जे उत्तर दिलं ते काही धड नव्हतं, तेव्हाच्या बायका सांगत नसत, असलं काहीतरी. ती विचार करत होती. मग म्हणाली, "पण तू तुझी तपासणी केलीयस ना? डॉक्टर आत्ता म्हणत होत्या ती?"

"केली की. मागच्या वर्षीच."

"काही नव्हतं ना?"

"काही नव्हतं."

"बरं झालं," म्हणाली, आणि आपल्या कागदावरची शेवटची भजी माझ्याकडं सरकवली. मला तिखट आवडतं म्हणून.

केलेली नाही, अक्का. ह्या जिन्यापर्यंत मी तीनदा गेले आहे, दुपारच्या सुट्टीत, एकटी. एकदा चार पायऱ्या चढलेसुद्धा. तिन्ही वेळा खालच्या कापडाच्या दुकानात शिरले आणि नको असलेलं काहीतरी घेऊन आले. त्या टेबलावर झोपायची मला लाज वाटत नाही, बाळंतपण झालेल्या बाईला कसली लाज. काचेवर काय निघेल ह्याची भीती वाटते. तुझ्या मनात पाप आणि उद्यापन होतं असं मी बारा वर्षं धरून चालले आहे, आणि आजही वर तेच लिहिलं. तुलाही नुसती भीती वाटली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

हे कागद घरात ठेवता येत नाहीत, पोरगी सगळी कपाटं उघडते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवणार आहे. सोमवारी जायचं ठरवलं आहे. तसा आधीच्या तिन्ही वेळाही सोमवारच होता.